अर्धा कोस

बेळगाव, टिळकवाडी
ता. ४ नोव्हेंबर १९३६

आक्का,

सुकुमारचा नमस्कार. हे पाचवं पत्र. आधीची चार तुला पोचली असणार, कारण एकही परत आलेलं नाही. चंदनावहिनी तुला वाचून दाखवतात हेही मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढतो आणि ओळींत अंतर सोडतो. वहिनी, तुम्हांलाही नमस्कार. थोरल्या जावेसाठी एवढे कष्ट घेता, त्याबद्दल मी काय लिहू?

दाजींना जाऊन आज सहा महिने नऊ दिवस झाले. सुतक संपलं त्या दिवशी मी दारात आलो होतो. तू भिंतीकडे तोंड केलंस. तेव्हापासून मला एवढंच हवं आहे की तू बोलावंस. शिवी दिलीस तरी चालेल.

आमच्या छापखान्याच्या मारुतीरावांनी माझं ‘श्रावक प्रवासी मित्र’ पुन्हा छापायचं ठरवलं आहे. मला बोलावून म्हणाले, "प्रती संपल्या. लोक मागतायत. तेवढी एक जागा सुधार आणि दे खिळे जुळवायला."

मी म्हटलं, "एक जागा सुधारून चालणार नाही. बासष्टच्या बासष्ट ठिकाणं बघून यायला हवीत."

"म्हणजे पहिल्यांदा बघितली नव्हतीस होय?"

त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जा. चपला मात्र नव्या घे. आणि रडत लिहू नकोस. यात्रेकरूला देवळाची वेळ हवी असते, तुझं दुःख नको."

बिळीगुड्डबद्दल मी पुस्तकात लिहिलं होतं: ‘स्टेशनापासून बसदी अर्धा कोस. वाट सोपी. मंदिर दिवसभर उघडे असते.’ तिन्ही वाक्यं चुकीची निघाली. मला ती तिथल्या एका माणसानं सांगितली होती, मी नुसती उतरवून घेतली, एवढं तुला कळवायचं होतं.

दाजींचा नेम साऱ्या सदलग्याला ठाऊक होता. सकाळी जिनदर्शन झाल्याशिवाय पाणी नाही, आणि सूर्य मावळल्यावर पाणी नाही. आपली बसदी घरापासून तीस पावलांवर, म्हणून सात वर्षांत तो नेम त्यांना कधी जड गेला नाही. अर्धा कोस म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घटकाभराची वाट. ते वाचूनच ते तुला घेऊन वैशाखात निघाले. पुस्तक लिहिताना असा माणूस माझ्या डोळ्यांपुढे असायला हवा होता. मला बेळगावात छापखान्यात चिकटवून द्यायला ते स्वतः आले होते, माझी ट्रंक त्यांच्या डोक्यावर होती. इतका जवळचा माणूस, तरी तो डोळ्यांपुढे आला नाही.

दाजी पुस्तक वाचून दाखवायचे तेव्हा तू आवडलेल्या पानाच्या कडेला हळदीचं बोट लावायचीस. ती पानं मला पाठ आहेत. तिथून तिथून तुला लिहीन. पहिलं पान बेळगावच्या किल्ल्यातल्या बसदीचं. काल जाऊन आलो. खंदक ओलांडून आत गेलं की डाव्या हाताची वाट धर. मंडपात शिरल्यावर लगेच वर बघू नये. आधी खांबाला टेकून डोळे अंधाराला सरावू द्यावेत, मग मान वर करावी. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं आहे. पाकळ्या इतक्या पातळ की वाऱ्यानं हलतील असं वाटतं. मी तिथं अर्धा तास होतो. एक म्हातारे गृहस्थ नातीला सांगत होते, "वर बघत चालू नगं, पडशील." ती म्हणाली, "मग बघू कवा?" हे पुस्तकात घालता येणार नाही, म्हणून तुला लिहिलं.

तुझा
सुकुमार


स्तवनिधी
ता. १२ डिसेंबर १९३६

आक्का,

इथून सदलगं आठ कोसही नाही. निपाणीपर्यंत मोटार आहे, पुढं कुणाची तरी गाडी मिळाली असती. आलो नाही.

हे ठिकाण तुला मी काय सांगू, तू लग्नानंतर पहिल्यांदा इथंच आली होतीस. तरी पुस्तकासाठी सगळं नव्यानं पाहिलं. घाटाच्या रस्त्यावरून खाली उतरताना देऊळ दिसत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे ही खोलगट जागा, आणि एकदम समोर शिखर. पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारे निम्मे आणि ब्रह्मदेवाला नवस बोलायला येणारे निम्मे. विहिरीवर पाणी गाळायला फडकं आपलं आपण न्यावं हे पहिल्या आवृत्तीत नव्हतं, ते घातलं. धर्मशाळेत सावली किती वाजेपर्यंत राहते ते दोन दिवस बसून पाहिलं.

विहिरीपाशी तुमच्या गावचा शामू गाडीवान भेटला. त्यानं मला लांबूनच ओळखलं.

"कोण, पुस्तकवाले सुकुमार न्हवं?"

"व्हय."

"हितं काय करायलाय?"

"वाटा बघतोय. पुस्तक परत छापायचंय."

"परत?" तो बैलांना पाणी दाखवत हसला. "आमच्यात आता म्हणत्यात, वाट इचारायची तर आंधळ्याला इचार, पर छापलेल्याला नगं."

मी फडकं पिळत राहिलो. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "झोंबलं काय? आवो, चेष्टा केली. समदा गाव म्हणतोय, म्हणून म्हणलो."

मी तुझी चौकशी केली. तो म्हणाला, "राजमतीवैनी कुणाशी बोलत न्हाईत. हिरीला जात्यात, येत्यात, कामाला खंड न्हाय. दिसातनं एकदाच पाणी पित्यात म्हणं. आन् पायगोंडाआप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत्यात, माझ्या ल्येकानं जीव सोडला पर नेम सोडला न्हाय. लोक आप्पांच्या पाया पडत्यात. तसं बोलणं निघालं की वैनी उठून आत जात्यात."

एकदाच पाणी पितेस हे खरं का, आक्का? वहिनी, तुम्ही तरी कळवा. माझ्यावरचा राग पाण्यावर काढू नये असं त्यांना सांगा. मी सांगितलेलं त्या ऐकणार नाहीत.

शामूबरोबर तुला काही पाठवावं असं मनात आलं. काय पाठवावं ते सुचेना. तो गाडी जुंपून निघून गेला.

तुझा
सुकुमार


गोकाकचा धबधबा
ता. १७ जानेवारी १९३७

आक्का,

तुझ्या हळदीची सगळ्यांत मोठी खूण या पानावर होती. दाजी तुला म्हणाले होते, बिळीगुड्डहून परत येताना गोकाक दाखवतो. म्हणून इथून लिहायला हात जड झाला आहे.

या दिवसांत पाणी थोडं असतं. श्रावण-भाद्रपदात नदी तांबडी होऊन एका दमात खाली पडते, तेव्हा अर्ध्या मैलावरून अंगावर तुषार येतात म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून पुस्तकात ‘म्हणतात’ असंच घालणार. आता आठ-दहा धारा खडकावरून वेगवेगळ्या उतरतात आणि मधला दगड उघडा दिसतो. मला हेच आवडलं. नदीवर एक टांगता पूल आहे, गिरणीतले कामकरी त्यावरून ये-जा करतात. समोरून दहा माणसं आली की पायाखालच्या फळ्या वरखाली होतात. मी कठडा धरून उभा राहिलो तर एक बाई डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन हात मोकळे सोडून निघून गेली. जाताना म्हणाली, "दोरखंड धरू नगासा, त्योच जास्ती हलतोय." बिचकणाऱ्या माणसानं पुलाच्या मध्यावर चालावं आणि पाण्याकडे न बघता पलीकडच्या देवळाकडे बघावं. तू घाबरली नसतीस. दाजी घाबरले असते आणि तुझा पदर धरून चालले असते.

मी नोव्हेंबरच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. बिळीगुड्डची वाट मला कुणी सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मारुतीरावांनी मला तिथं पाठवलं होतं, आणि मी स्टेशनावर उतरलो होतो. तिथं दिवसाला दोनच गाड्या थांबतात. उतरलो तेव्हा ऊन कललं होतं आणि परतीची गाडी तासाभरात होती. ती चुकली तर रात्र कुठं काढायची, ओळखीचं कुणी नाही, या विचारानं मी फलाटाबाहेर पाऊल टाकलं नाही. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. शिवाय सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायला हवं होतं. मी फलाटावर बसून भाकरी सोडली आणि सिग्नलवाल्या माणसाला विचारलं, बसदी कुठं? त्यानं डोंगराकडे हात केला. डोंगरावर पांढरं काहीतरी दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, हीच बसदी. डोळ्यांनी अंतर मापलं, अर्धा कोस. तो माणूस अंतराबद्दल एक शब्द बोलला नव्हता. मंदिर दिवसभर उघडं असतं हे तर मी सदलग्याच्या बसदीवरून लिहिलं.

शेवटचा घास आणि सूर्य बरोबरच संपले. वेळेत जेवलो म्हणून मला समाधान वाटलं होतं. गाडीत बसून मी ती तीन वाक्यं लिहिली. घरी येऊन पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवली. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता.

हे मी तुझ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. वहिनी मोठ्यानं वाचतात तेव्हा ओसरीवर सगळे असतात हे मला कळतं. ऐकू दे.

तुझा
सुकुमार


बिळीगुड्ड
ता. २१ फेब्रुवारी १९३७
(हे पत्र टपालात टाकायचं नाही.)

आक्का,

हे लिहायला बसलो आणि अर्ध्यावर लक्षात आलं की हे वहिनी वाचतील, पायगोंडाआप्पा ऐकतील, शेजारीपाजारी ऐकतील. म्हणून वर तशी सूचना घातली. तरी लिहून पुरं करतो. कुठंतरी लिहिल्याशिवाय मला हे कळल्यासारखं होणार नाही.

आज मी दाजींचा नेम धरून निघालो. काल सूर्य मावळल्यापासून पाणी घेतलं नाही. तांब्या भरून जवळ ठेवला, उघडला नाही. दर हजार पावलांना एक चिंचोका एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत गेलो.

ते पांढरं दिसतं तिथं पोचलो तेव्हा चार चिंचोके झाले होते. ती बसदी नाही. मोजणीखात्यानं बांधलेला दगडी बुरूज आहे, लांबून दिसावा म्हणून चुना फासलेला. त्याच्या पायथ्याशी सावलीसुद्धा नाही. तू आणि दाजी इथंवर आला असणार. खरी बसदी डोंगराच्या पाठीमागे आहे, आणि तिकडे जायला डोंगराला वळसा घालावा लागतो. पोचलो तेव्हा सतरा चिंचोके झाले होते. साडेतीन कोस. मी माघातल्या उन्हात आलो, जवान आहे, तरी शेवटच्या दोन हजार पावलांत जीभ टाळूला चिकटली. तुम्ही वैशाखात आलात. दाजी पन्नाशीचे.

दाराला कुलूप होतं. उपाध्ये सकाळी पूजा करून कुलूप घालून आपल्या गावी जातात. गाव खाली, कोसभर लांब. मी निरोप धाडला. उपाध्ये आले, त्यांच्या मागून त्यांची बायको पद्मावतीबाई कळशी घेऊन आल्या. गेल्या साली तुम्हांलाही असंच थांबावं लागलं, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. त्या कानडीतच बोलल्या. मी इथं आपल्या भाषेत लिहितो.

"तुम्ही त्यांचे कोण?"

मी सांगितलं, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"म्हणजे पुस्तक लिहिणारे तुम्हीच? ते सारखं तुमचंच नाव घेत होते. वाटेत धनगरांनी त्यांना सांगितलं होतं, अजून फार लांब आहे, परत फिरा. ते धनगरांना म्हणाले, तुम्हांला ठाऊक नाही, आमच्या सुकुमारनं लिहिलंय, तो चुकायचा नाही, आता आलंच असेल. इथं पोचल्यावर पायरीवर बसले आणि पुस्तक उघडून मला ती ओळ दाखवली. मला मराठी वाचता येत नाही. मी आपली मान हलवली."

नंतरचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. उपाध्ये त्या दिवशी दुसऱ्या गावी गेले होते. त्यांना शोधून आणेपर्यंत उन्हं गेली. दार उघडलं, दर्शन झालं, आणि दाजी बाहेर येऊन ओसरीवर बसले. पद्मावतीबाई कळशी घेऊन उभ्या होत्या. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. पश्चिमेला तांबडं होतं, हातावरच्या रेषा दिसत होत्या.

दाजी म्हणाले, "पाणी."

पद्मावतीबाईंनी तांब्या भरून तुझ्या हातात दिला. तू पश्चिमेकडे बघितलंस. म्हणालीस, सूर्य गेला.

दाजी म्हणाले, अजून उजेड आहे की गं.

तू म्हणालीस, "सात वर्सं पाळलंय. एका रातीचा परश्न हाय. सकाळी प्या."

त्यांनी पुन्हा एकदा तांब्याकडे बघितलं, मग डोळे मिटले. सूर्य उगवायच्या आत गेले.

पद्मावतीबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मी तिथंच होते. माझ्या तोंडातून एक शब्द गेला नाही. दुसऱ्याचा नेम मोडा असं आपण कसं म्हणायचं? तुमच्या बहिणीनं सकाळी तो तांब्या तसाच भरलेला माझ्या हातात परत दिला."

म्हणजे दहा महिने तू माझ्यावरच्या रागानं बोलत नव्हतीस असं मी धरून चाललो होतो. तू कुणाशीच बोलत नव्हतीस. आप्पा लोकांना लेकाच्या नेमाची गोष्ट सांगतात तेव्हा तू उठून का जातेस, ते आज कळलं.

आता उपाध्यांच्या ओसरीवर बसलो आहे. दर्शन झालं, पाणी प्यालो, तीन तांबे. दुसरा कागद घेतो. न पाहिलेली एकही ओळ पुन्हा लिहायची नाही असं ठरवून मी बेळगावातून निघालो होतो. या दुसऱ्या कागदावर एक ओळ मी पाहिलेली नसेल आणि मला कुणी सांगितलेलीही नसेल. ती मी तुमच्या ओसरीवर बसलेल्या सगळ्यांसाठी लिहिणार आहे. पुढंमागं कुणी सदलग्याचा माणूस इथं येऊन काही ऐकून गेलाच, तर माझं लिहिलेलं आधी पोचलेलं असावं.

सु.


बिळीगुड्ड
ता. २१ फेब्रुवारी १९३७

आक्का,

आज इथं आलो. वाट पायांनी मोजली, साडेतीन कोस भरली. स्टेशनातून निघाल्यावर पांढऱ्या बुरुजाकडे जायचं नाही, ती मोजणीखात्याची खूण आहे. डाव्या हाताची गाडीवाट धरायची. आदल्या दिवशी उपाध्यांना निरोप असल्याखेरीज दार उघडं मिळत नाही. नेमवाल्या यात्रेकरूनं आदल्या दिवशीच खालच्या गावी मुक्कामाला यावं, हे ठळक अक्षरात घालणार.

बसदी लहान आहे. काळ्या पाषाणाचा पार्श्वनाथ, डोक्यावर सात फण्यांचा नाग. शेवटचा फणा किंचित झिजलेला, कारण पूर्वी छतातून तिथं पाणी ठिबकायचं. ओसरीवरून नदीचं वळण दिसतं. गाभाऱ्यातली फरशी भर दुपारी गार असते.

उपाध्यांच्या घरी पद्मावतीबाई भेटल्या. त्या दिवशी त्या तिथं होत्या. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. सूर्य मावळल्यावर तू तीन वेळा तांब्या पुढे केलास, रडून विनवण्या केल्यास, पण दाजींनी तिन्ही वेळा तो हातानं बाजूला सारला.

तुझ्याकडून काही राहिलं नाही, आक्का. चूक माझ्या अर्ध्या कोसाची आहे. तेवढी एकच आहे. आप्पांनाही हे वाचून दाखवावं.

तुझा
सुकुमार


बेळगाव, टिळकवाडी
ता. २८ मार्च १९३७

आक्का,

वहिनींचं कार्ड गुरुवारी मिळालं. आज रविवार. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. छापखान्यात दोन फर्मे उलटे लावले. मारुतीराव म्हणाले, "घरी जा, नाहीतर मलाही कुठल्यातरी डोंगरावर चढवशील." मी खोलीवर येऊन कार्ड पुन्हा वाचलं.

वहिनी लिहितात की माझं बिळीगुड्डचं पत्र तू पुरतं ऐकलंस. तांब्याची ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावलीस. आणि ओसरीवर आप्पा, शेजारचे, सगळे बसले असताना उभी राहून म्हणालीस, "असं न्हवतं. त्येनी पाणी मागितलं हुतं. म्या दिलं न्हाय."

आप्पा म्हणाले, "बरं केलंस, पोरी. नेम राखलास त्येचा." शेजारच्या बायकांनी तुला हात जोडले. तू आत गेलीस आणि त्या दिवशी जेवली नाहीस.

आप्पांचा हा एक शब्द मी शंभरदा वाचला. ते चिडतील, तुला दोष देतील, म्हणून मी खोटं लिहिलं होतं. ते तुला शाबासकी देतील हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. शाबासकी घेऊन तू कुठं जाणार? माझ्या खोट्या ओळीमुळे तुला ते सगळ्यांदेखत बोलावं लागलं आणि हे ऐकावं लागलं. बिळीगुड्डबद्दल मी दुसऱ्यांदा चुकलो.

दुसऱ्या दिवशी तू वहिनींना म्हणालीस, "सुकुमारला इचार. त्येच्या हातात तांब्या असता तर त्येनं दिला असता काय?"

अकरा महिन्यांत माझ्यासाठी तुझं हे पहिलं वाक्य.

गुरुवारी मी मनात लगेच म्हटलं, दिला असता. तसं कार्डसुद्धा लिहायला घेतलं. मग विचार केला की मी ती ओसरी पाहिली आहे, तिथं उभं राहून बघावं. डोळे मिटून उभा राहिलो. दाजी पायरीला टेकून बसलेले, माझं पुस्तक त्यांच्या मांडीवर, ओठ फुटलेले. डोंगराच्या कडेला तांबडं. तांब्या माझ्या हातात, भरलेला, बाहेरून ओला. मागं गाभाऱ्याचं दार उघडं आणि उपाध्ये बघताहेत. शुक्रवारी तसा उभा राहिलो, शनिवारी राहिलो, आज सकाळीही राहिलो. प्रत्येक वेळी दाजींनी मागितलं.

आक्का, ज्या घरानं तुला वाढवलं त्यानंच मला वाढवलं. अंधार पडायच्या आत ताटावरून उठवणारी आई आपली दोघांची एकच. मी तुझ्यापेक्षा भित्रा आहे. दुसऱ्याच्या सात वर्षांच्या पुण्यात माझ्या हातून खोट आली तर, या भीतीनंच माझा हात आखडला असता. शिवाय मला वाटलं असतं की एका रात्रीनं माणूस जात नाही. तुलाही तसंच वाटलं असणार.

वहिनी, हे सावकाश वाचा.

मी दिला नसता, आक्का. मीही पश्चिमेकडे बघितलं असतं आणि म्हटलं असतं, दाजी, आता सकाळी.

सुकुमार